४१ विरुद्ध ६८

[दृश्य : शपथविधीचं व्यासपीठ. माइकपाशी कुणी तरी उभं आहे, चेहरा दिसत नाही. हातात एक कागद.]

"मी… ईश्वरसाक्ष शपथ घेतो की, कायद्याद्वारे स्थापित झालेल्या भारताच्या संविधानाबद्दल मी खरी श्रद्धा आणि निष्ठा बाळगीन…"

टीव्हीवर हे वाक्य आपण इतक्यांदा ऐकलंय की आता ते कानावरून नुसतं वाहून जातं. कान टवकारतात ते एखादा मंत्री 'ईश्वरसाक्ष शपथ' गाळून 'गांभीर्यपूर्वक दृढकथन करतो' म्हणतो तेव्हा. लगेच घरात कुणी तरी म्हणतं, "हा देव मानत नाही वाटतं!"

दोन्ही वाक्यं कायदेशीर आहेत. संविधानाच्या तिसऱ्या अनुसूचीत ती एकाखाली एक छापलेली आहेत, ज्याला जे पटेल त्यानं ते म्हणावं. आणि मौज अशी की साक्षीला देव असो वा नसो, 'श्रद्धा' मात्र दोघांनाही संविधानावरच ठेवायला सांगितलेली आहे.

ही सोय आकाशातून पडलेली नाही. देवाच्या नावावरून या देशाच्या घटना समितीत एकदा चक्क मतदान झालं होतं.

[दृश्य : जुनी कृष्णधवल छायाचित्रं. संसद भवनाचं वर्तुळ, घुमटाखालचं सभागृह.]

तारीख १७ ऑक्टोबर १९४९. जागा दिल्ली. अध्यक्षस्थानी डॉ. राजेंद्रप्रसाद. जवळजवळ तीन वर्षं चाललेलं काम आता हातावेगळं व्हायला आलंय. कलमं ठरली, अनुसूची ठरल्या, राहिलाय तो सरनामा.

आपल्याकडची रीत याच्या नेमकी उलटी. लग्नपत्रिका असो, दुकानाची चोपडी असो की गावाकडचं साधं पोस्टकार्ड, आधी डोक्यावर '॥ श्री ॥' आणि मग मजकूर. इथं मजकूर आधी झाला होता, आणि माथ्यावर 'श्री' लिहायचं की नाही हा प्रश्न शेवटी आला.

तो आणला हरी विष्णू कामत यांनी. कामत मध्य प्रांत आणि वऱ्हाडातून, म्हणजे ज्या प्रांताची राजधानी नागपूर होती तिथून, समितीत आले होते. आयसीएसची नोकरी सोडून सुभाषबाबूंच्या फॉरवर्ड ब्लॉकमध्ये गेलेला हा माणूस. समितीत दुरुस्त्या सुचवण्यात त्यांचा हात धरणारे थोडेच. त्यांची मागणी साधी वाटावी अशीच होती. सरनाम्याची सुरुवात 'आम्ही भारताचे लोक' अशी न करता 'ईश्वराच्या नावाने, आम्ही भारताचे लोक' अशी करा. त्यासाठी त्यांनी गीतेतला श्लोक म्हटला : यत्करोषि यदश्नासि… जे करशील, जे खाशील, जे होमशील, जे देशील, ते मला अर्पण कर. ही घटनाही तशीच अर्पण करू या, असं त्यांचं म्हणणं.

त्या सभागृहात देव न मानणारे किती असतील? फार नसावेत. म्हणूनच पुढं जे घडलं ते बारकाईनं पाहण्यासारखं आहे.

त्रावणकोरचे पट्टम थानू पिल्लै उठले. या दुरुस्तीनं श्रद्धेची सक्ती होते, असा त्यांचा आक्षेप. देव मानण्याचा आणि न मानण्याचाही हक्क आपण याच घटनेत देतोय, मग पहिल्याच ओळीत तो काढून कसा घ्यायचा? हृदयनाथ कुंझरू त्याहून कडक बोलले. देवाचं नाव घेऊन आपण मोठं मन नाही, संकुचितपणा दाखवतोय, असं त्यांनी सुनावलं. सरनाम्यात 'विश्वास, श्रद्धा व उपासना यांचे स्वातंत्र्य' लिहायचं आणि त्याच्याच डोक्यावर आपली श्रद्धा सगळ्यांच्या वतीनं ठेवायची, ही विसंगती त्यांना सोसेना.

मग आले आसामचे रोहिणीकुमार चौधरी. आम्ही कामरूपचे, कामाख्येचे भक्त, शक्तीचे उपासक. 'गॉड'चं नाव घेणार असाल तर 'गॉडेस'चं का नाही? मागणी थट्टेची होती की खरी, हे इतिवृत्त वाचूनही नीट ठरवता येत नाही. पण अडचण मात्र एका वाक्यात उघडी पडली. 'ईश्वर' म्हटलं की लगेच पुढचा प्रश्न उभा राहतो : कोणता? कुणाचा? पुल्लिंगी की स्त्रीलिंगी? गोविंद मालवीय परमेश्वराच्या कृपेचा उल्लेख असलेली आपली दुरुस्ती घेऊन तयारच होते. शिब्बनलाल सक्सेना यांना देवाबरोबर महात्मा गांधींचंही नाव हवं होतं. त्यावर ब्रजेश्वर प्रसाद म्हणाले, ही घटना गांधीवादी नाहीच, तिच्यात गांधींचं नाव कशाला? माथ्यावर एक 'श्री' लिहायला निघालेली सभा, आणि तिथं नावांची यादीच लागली.

पूर्णिमा बॅनर्जींनी कामतांना विनवलं की देवावर मत द्यायची पाळी आमच्यावर आणू नका. मला वाटतं, त्या दिवशीचं सगळ्यात समंजस बोलणं तेच होतं. आस्तिक माणसानं या दुरुस्तीविरुद्ध हात वर करायचा म्हणजे घरी गेल्यावर देव्हाऱ्यासमोर उभं राहताना थोडं अवघडणारच.

कामत ऐकेनात. मत मोजा, म्हणाले.

[दृश्य : काळा पडदा. आधी एक आकडा, मग दुसरा.]

बाजूनं ४१. विरोधात ६८.

दुरुस्ती फेटाळली गेली. आपल्या इतिहासातला हा काळा दिवस आहे, देव भारताचं रक्षण करो, असं म्हणून कामत खाली बसले. देव हरल्याची तक्रारही त्यांनी देवाकडेच केली. सभागृह सक्सेनांच्या दुरुस्तीकडे वळलं.

सात महिने आधी, मार्च १९४९ मध्ये, कराचीत पाकिस्तानच्या घटना समितीनंही हाच प्रश्न सोडवला होता. तिथल्या उद्दिष्टांच्या ठरावाची सुरुवातच विश्वाचं सार्वभौमत्व अल्लाचं आहे, अशी होते. हिंदू सदस्यांनी सुचवलेल्या दुरुस्त्या फेटाळल्या गेल्या. एकाच फाळणीतून निघालेले दोन देश, दोघांपुढंही पहिली ओळ कोरी होती.

[दृश्य : संविधानाची हस्तलिखित प्रत. पान हळूहळू उलटतं.]

आता हे पान बघा. छापील नाही, हातानं लिहिलेलं. अक्षर प्रेमबिहारी नारायण रायजादांचं, सजावट नंदलाल बोस आणि त्यांच्या शांतिनिकेतनच्या मंडळींची. मूलभूत हक्कांच्या भागावर राम, सीता, लक्ष्मण. एका पानावर बुद्ध, एकावर अकबर, एकावर शिवाजी महाराज आणि गुरू गोविंदसिंग. आणि मार्गदर्शक तत्त्वांच्या भागावर रथ आणि गीता सांगणारा कृष्ण. कामतांचा श्लोक सरनाम्यात नाही आला. तो ज्यानं सांगितला तो मात्र काही पानं पुढं चित्रात आहे.

हे बघून काहीजण म्हणतात, बघा, घटना हिंदूच आहे. काहीजण म्हणतात, चित्रांना काय अर्थ, ती तर सजावट. मला दोघंही घाईतले वाटतात. चित्रात जे आहे तो या भूमीच्या इतिहासाचा पट आहे, नागरिकत्वाची अट नाही.

'धर्मनिरपेक्ष' हा शब्द सरनाम्यात आला तो १९७६ मध्ये, ४२व्या दुरुस्तीनं. मराठी प्रतीत 'धर्मनिरपेक्ष', हिंदी प्रतीत 'पंथनिरपेक्ष'. एका शब्दावरून केवढी भांडणं! पण मूळ निर्णय त्याच्या २७ वर्षं आधी हात वर करून झाला होता.

[दृश्य : पंढरपूर. महाद्वार, नामदेव पायरी, समोर चोखोबांची समाधी.]

याचा अर्थ राज्यानं देवळाकडे पाठ फिरवली असा मात्र नाही.

मे १९४७. विठ्ठलाचं देऊळ अस्पृश्यांना उघडावं म्हणून साने गुरुजी इथं पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषणाला बसले. १ तारखेला सुरू झालेलं उपोषण १० तारखेला सुटलं, देऊळ उघडायचं ठरल्यावर. शेकडो वर्षं चोखोबा दाराबाहेर होते, आणि दार उघडायला एका कृश माणसाचा जीव पणाला लागावा लागला. तीन वर्षांच्या आत तीच गोष्ट घटनेत आली. कलम २५ प्रत्येकाला धर्म पाळण्याचं स्वातंत्र्य देतं, आणि त्याच कलमात सार्वजनिक हिंदू मंदिरं सर्व वर्गांच्या हिंदूंना खुली करणारा कायदा राज्य करू शकेल, असंही लिहिलंय. पहिल्या ओळीत देवाचं नाव नको म्हणणारी घटना देवळाच्या उंबऱ्यापर्यंत मात्र खुशाल येते.

[दृश्य : आषाढी एकादशी, पहाटेचा अंधार. मंदिराबाहेर पोलीस, गाड्यांचे लाल-निळे दिवे.]

आणि हे त्याच महाराष्ट्राचं दुसरं चित्र. आषाढीच्या पहाटे विठ्ठलाची शासकीय महापूजा. मुख्यमंत्री सपत्नीक सोवळ्यात. 'शासकीय' आणि 'महापूजा' हे दोन शब्द एकमेकांशेजारी कसे नांदतात, याची फोड कुणी सहसा करत नाही. मला स्वतःला ते थोडं खटकतं. देव सगळ्यांचा, पण शासनही सगळ्यांचंच, पंढरीला कधीच न जाणाऱ्यांचंसुद्धा.

पण त्या गाभाऱ्यात आणखी दोन माणसं असतात. मानाचे वारकरी. दर्शनबारीत पुढं असलेलं एक जोडपं, तासन् तास उभं राहून पाय सुजलेलं, एकदम बोलावलं जातं आणि मुख्यमंत्र्यांच्या शेजारी उभं केलं जातं. तिच्या डोक्यावरचा पदर सारखा घसरतोय. त्याच्या हातात टोपी आहे, ती घालावी की काढावी हे त्याला कळत नाहीये. पूजा झाल्यावर त्यांचा सत्कार होतो, एसटीचा मोफत पास मिळतो.

कॅमेरे मुख्यमंत्र्यांवर असतात. ती दोघं विठ्ठलाकडे बघत असतात.