डोंगरावर चालायचा हक्क

विषय भारदस्त जाहीर झालाय, पण आधी पीक डिस्ट्रिक्टमधल्या माम टोर या डोंगराबद्दल बोलू द्या, कारण मँचेस्टरच्या आसपास राहणाऱ्या प्रत्येक मराठी कुटुंबाकडे तोच फोटो आहे. माथ्यावरचा पांढरा खांब आणि मागे लूज हिलपर्यंत गेलेली धार. उंची ५१७ मीटर, गाडी लावली की अर्ध्या तासात माथा. त्यामुळे आपले सह्याद्रीवाले नाक मुरडतात : फरसबंदी वाट, हा कसला ट्रेक! अहो, फरशा नसत्या तर माथ्यावरची प्राचीन तटबंदी आपल्याच बुटांनी झिजवली असती. (तटबंदी म्हटलं की बुरूज शोधू नका, मातीचे बांध आणि खंदक आहेत.)

माझं खरं प्रेम खालच्या रस्त्यावर. कॅसलटनहून पलीकडे जायला विनॅट्स पासची खिंड होती, पण चढ जीवघेणा. म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला डोंगराच्या कुशीतून नवा रस्ता काढला, तोही नेमका जुन्या दरडीवरून! वर वालुकाश्माचे थर, त्यांच्या मध्ये आणि खाली ठिसूळ शेल, म्हणजे चिखलाचा पापुद्र्यांसारखा खडक. हजारो वर्षांपूर्वी कडा कोसळला आणि त्याचा ढिगारा अजून सरकतोय, ओल्या हिवाळ्यात जरा जास्तच. रस्ता खचला की डांबर, परत खचला की परत डांबर. आपण उगाच आपल्याकडच्या ठेकेदारांना बोलतो! शेवटी १९७९ साली सरकारनं हात टेकले आणि रस्ता कायमचा बंद केला. आज तिथं डांबराचे थरावर थर उघडे पडलेत, मधली पांढरी रेघ मध्येच तुटून खाली गेलीय. पाहुणे आले की मी त्यांना माथ्याआधी तिथं नेतो. पाहुणे कंटाळतात. तुम्हीही कंटाळलेले दिसताय, आणि अध्यक्षांनी चिठ्ठी पाठवलीय.

तर, हक्क. माम टोरवरून उत्तरेला एडेलच्या खोऱ्यापलीकडे किंडर स्काउट हा पठारी डोंगर दिसतो. तिथं जमीनदारांची पक्ष्यांची शिकार चाले, म्हणून चालणाऱ्यांना बंदी. २४ एप्रिल १९३२ रोजी मँचेस्टरकडचे शेकडो तरुण कामगार तिथं घुसले. म्होरक्या बेनी रॉथमन, वय २०. राखणदारांशी झटापट झाली, पाच जण तुरुंगात गेले. गंमत म्हणजे पदयात्रींच्या जुन्या संघटनांनाच हा आगाऊपणा वाटला होता; त्या आधीपासून अर्ज-विनंत्या करत होत्या. माझं म्हणणं एवढंच की नुसत्या अर्जांची फाइल कुणी उघडली नसती, आणि नुसत्या घुसखोरीतून कायद्याचा मसुदा निघाला नसता. राष्ट्रीय उद्यानांचा १९४९ चा कायदा, १९५१ साली पीक डिस्ट्रिक्ट हे ब्रिटनमधलं पहिलं राष्ट्रीय उद्यान, आणि मोकळ्या माळावर वाट सोडून हिंडायची मुभा देणारा कायदा थेट २००० सालचा! तीही इंग्लंडच्या सुमारे ८ टक्के जमिनीपुरतीच. नद्यांवरच्या हक्काचं काय, हा प्रश्न राहिला. तो घेऊ, मंडळानं पुन्हा बोलावलं तर.