बाकी सगळे मेल येतात, जीमेलचेच येत नाहीत

कंपनीचा स्वतःचा मेल सर्व्हर सांभाळणाऱ्याला कधी ना कधी हा फोन येतोच: "सगळ्यांचे मेल येतायत, फक्त जीमेलवाल्यांचे येत नाहीत." कधी जीमेलच्या जागी आउटलुक असतं, कधी रेडिफमेल. सर्व्हर पुरता बंद पडला तर बिघाड लगेच दिसतो. इथं मात्र दोन्ही बाजू सांगतात की आमचं नीट चाललंय, आणि दोघंही खरं बोलत असतात. म्हणून आपण विचारायचा प्रश्न वेगळा आहे: हा मेल-पुरवठादार असं काय करतो, जे बाकीचे करत नाहीत?

आधी एवढंच ठरवा, की त्याचं मशीन आपल्या दारापर्यंत येतं की नाही. पाठवणाऱ्याकडून नेमकी वेळ घ्या आणि बाउन्स, म्हणजे मेल पोचला नाही असं कळवणारा परतीचा मेल, आला असेल तर तो मेल जसाच्या तसा मागवा. स्क्रीनशॉटमध्ये बहुधा वरचा गोड मजकूरच येतो, खरा कोड खाली राहून जातो. मग आपला मेल लॉग, म्हणजे सर्व्हरची नोंदवही, उघडा. लॉगचं घड्याळ यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) असेल तर भारतीय वेळेतून साडेपाच तास वजा करा. चुकीचा तास चाळण्यात अख्खी दुपार जाते.

लॉगमध्ये पाठवणाऱ्याच्या ईमेल पत्त्यावरून शोधू नका. पत्ता सांगण्याआधीच कनेक्शन तुटलं असेल तर तो लॉगमध्ये उमटतच नाही, आणि आपण "मेल आलाच नाही" असं म्हणून मोकळे होतो. शोध मशीनच्या नावावरून घ्या. जीमेलची मशीनं गूगल डॉट कॉमवर संपणाऱ्या नावानं येतात, मायक्रोसॉफ्टची नावं प्रोटेक्शन डॉट आउटलुक डॉट कॉमवर संपतात.

मशीन आलं आणि आपणच कोड देऊन परत पाठवलं, असं दिसलं तर तपास जवळजवळ संपला. ५ नं सुरू होणारा कोड म्हणजे कायमचा नकार, ४ नं सुरू होणारा म्हणजे "नंतर या". यात फसवणारा प्रकार ग्रेलिस्टिंगचा. अनोळखी मशीनला ४५० किंवा ४५१ देऊन परत लावायचं आणि ते पुन्हा आलं की आत घ्यायचं, हा त्याचा नियम. पोस्टग्रे हे ग्रेलिस्टिंगचं सॉफ्टवेअर मुळात ३०० सेकंद थांबवतं. लहान सर्व्हर त्याच आयपीवरून (मशीनच्या आकडी पत्त्यावरून) परत येतो आणि मेल मिळतो. मोठा पुरवठादार पुढचा प्रयत्न भलत्याच आयपीवरून करतो. पोस्टग्रे आयपीचा शेवटचा आकडा सोडून देतं, पण पुढचा प्रयत्न दुसऱ्याच नेटवर्कमधून किंवा आयपीव्ही६ (आयपी पत्त्यांची नवी पद्धत) वरून आला तर तेवढ्यानं भागत नाही. प्रत्येक वेळी तो नवखा ठरतो आणि मेल तासन्‌तास लटकतो. पोस्टस्क्रीनमधल्या (पोस्टफिक्स मेल सर्व्हरच्या दारावरच्या चाळणीतल्या) खोल चाचण्या चालू केल्या की हेच होतं, कारण चाचणी पास झालेल्यालाही ते एकदा परत पाठवतं. उपाय सरळ आहे: मोठ्या पुरवठादारांचे आयपी पट्टे ग्रेलिस्टिंगमधून वगळा. हे पट्टे त्यांच्या एसपीएफ रेकॉर्डमध्ये (डोमेनच्या वतीनं कोणती मशीनं मेल पाठवू शकतात त्या जाहीर यादीत) असतात आणि बदलतात, म्हणून यादी हातानं एकदा भरून विसरू नका. माझं मत विचाराल तर व्यवसायाच्या सर्व्हरवर आज सरसकट ग्रेलिस्टिंग ठेवूच नये. ओटीपी आणि ऑर्डरचे मेल त्यात अडकतात.

दुसरी शक्यता अशी की मशीन येतं, पण निरोप पुरा होण्याआधी जातं. इथं शेवटची आज्ञा कोणती होती ते बघा. डेटा या आज्ञेनंतर टाइमआउट दिसत असेल आणि लहान मेल येऊन फक्त मोठे अडकत असतील, तर एमटीयूचा, म्हणजे एका पाकिटाच्या कमाल आकाराचा, संशय घ्या. ब्रॉडबँड पीपीपीओईवर (युजरनेम-पासवर्डनं जोडणाऱ्या पद्धतीवर) असेल तर एमटीयू १५०० बाइटऐवजी १४९२ असतो. फायरवॉलनं सगळं आयसीएमपी (नेटवर्कमधल्या अडचणी कळवणारे निरोप) बंद केलेलं असेल, तर "पाकीट मोठं आहे" हा निरोप पाठवणाऱ्याला मिळत नाही. छोट्या आज्ञा पार होतात, मोठी पाकिटं वाटेत गडप होतात. राउटरवर एमएसएस क्लॅम्पिंग (पाकिटं आधीच लहान ठेवायला लावणारी सेटिंग) लावा आणि तो एक आयसीएमपी निरोप मोकळा करा.

कनेक्शन स्टार्टटीएलएसनंतर, म्हणजे एन्क्रिप्शन सुरू करण्याच्या आज्ञेनंतर, तुटत असेल तर मात्र नीट बसून बघावं लागतं. बहुतेक सर्व्हर मेल पोचवताना समोरच्या सर्व्हरची ओळख सांगणारं सर्टिफिकेट तपासत नाहीत. ते चुकीचं किंवा मुदत संपलेलं असलं तरी एन्क्रिप्शन होतं आणि मेल येतो. पण तुमच्या डोमेननं एमटीए-एसटीएसची पॉलिसी (मेल खात्रीच्या सर्टिफिकेटसह एन्क्रिप्ट करूनच द्या, असा नियम) जाहीर केली असेल आणि तिचा मोड एन्फोर्स (सक्तीचा) असेल, तर ती पाळणारे पुरवठादार सर्टिफिकेट काटेकोरपणे बघतात. जीमेल त्यातलं एक. म्हणजे पॉलिसी तुम्हीच लावलेली असते, ती मोडता तुम्हीच, आणि मेल फक्त नियम पाळणाऱ्याचे थांबतात.

मोडते कशी? सर्टिफिकेट नवं झालं, पण मेल सर्व्हर जुनीच फाइल वाचतो. किंवा त्याला फुलचेनऐवजी (पूर्ण साखळीच्या फाइलऐवजी) नुसती सर्टची फाइल दिलेली असते आणि आपलं सर्टिफिकेट मूळ संस्थेशी जोडणारं मधलं सर्टिफिकेट जातच नाही. ब्राउझर पुष्कळदा ती उणीव स्वतः भरून काढतो, म्हणून वेबसाइट ठीक दिसते. ओपनएसएसएलच्या एस-क्लायंट या तपासणीच्या आज्ञेनं पोर्ट २५ वर (मेल घेण्याच्या दारावर) स्टार्टटीएलएससह जोडून बघा. तिथं पडताळणीची त्रुटी २१ आली तर साखळी अपुरी आहे. तिसरी चूक सर्व्हर हलवताना होते: एमएक्स (डोमेनचा मेल कोणत्या सर्व्हरकडे द्यायचा ती नोंद) बदलला, पण पॉलिसीच्या फाइलमध्ये जुनंच नाव राहिलं. अशा वेळी ते मशीन तुमच्या नव्या दारापाशी येतही नाही, लॉग कोराच राहतो. फाइल दुरुस्त करून डीएनएसमधल्या (डोमेनच्या नोंदवहीतल्या) पॉलिसीच्या टीएक्सटी रेकॉर्डचा आयडीही बदला, नाहीतर पुरवठादार जुनी प्रतच वापरत राहतो. पॉलिसी काढून टाकायची असली तरी फाइल पुसू नका. मोड नन (काहीच नाही) करा, आयडी बदला आणि आधीच्या मॅक्स-एजची (प्रत वापरण्याच्या कमाल काळाची) मुदत संपेपर्यंत ती तशीच ठेवा.

जीमेलचे मेल येतात आणि मायक्रोसॉफ्टचे येत नाहीत, असं उलटं चित्र असेल तर डेन (सर्टिफिकेटची खूण डीएनएसमध्येच जाहीर करण्याची पद्धत) बघा. एक्सचेंज ऑनलाइन बाहेर जाणाऱ्या मेलसाठी २०२२ पासून डेन तपासतं. डेनचा टीएलएसए रेकॉर्ड ३-१-१ प्रकारचा असेल तर त्यात सार्वजनिक किल्लीचा हॅश (ठसा) असतो. सर्टिफिकेट आपोआप नवं करणाऱ्या सर्टबॉटनं नव्या किल्लीसह सर्टिफिकेट घेतलं की तो हॅश खोटा पडतो. नूतनीकरणात तीच किल्ली ठेवण्याचा पर्याय वापरा, किंवा नवा टीएलएसए जुन्यासोबत आधी प्रसिद्ध करून टीटीएल (जुनी नोंद लक्षात ठेवण्याची मुदत) उलटल्यावरच किल्ली बदला.

आता लॉगमध्ये त्या पुरवठादाराचा मागमूसच नसेल तर? फेल२बॅन (संशयास्पद आयपी आपोआप अडवणारा प्रोग्रॅम) आणि देशवार ब्लॉकिंगच्या याद्या आधी चाळा. मग डीएनएस: डीएनएसएसईसीची (डीएनएसच्या नोंदी खऱ्या असल्याची) सही मोडली असेल तर सही तपासणाऱ्या रिझॉल्व्हरला (डीएनएसच्या नोंदी शोधून देणाऱ्या सर्व्हरला) तुमचा एमएक्स सापडत नाही, न तपासणाऱ्याला सापडतो. एमएक्सच्या नावाला क्वाड-ए रेकॉर्ड (आयपीव्ही६ पत्त्याची नोंद) असून आयपीव्ही६ वर पोर्ट २५ बंद असेल तर तेही नीट करा.

सगळं ठीक निघालं तर उरतं ते जुनं खातं. तुमचं डोमेन पूर्वी त्याच पुरवठादाराकडे नोंदलेलं होतं आणि सोडताना तिथून काढलं नाही, तर त्याच्या दृष्टीनं ते घरचंच. तो एमएक्स बघत नाही, मेल आतल्या आत जुन्या पेटीत टाकतो किंवा "असा वापरकर्ता नाही" म्हणून परत करतो. सीपॅनल या नियंत्रण-पॅनलच्या होस्टिंगवर ईमेल राउटिंग लोकलवर (मेल इथल्याच पेटीत टाका) राहिलं, की तिथल्या वेबसाइटच्या फॉर्मचे मेल असेच हरवतात. ते रिमोट करायचं. मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये जुन्या टेनंटमधून (कंपनीच्या खात्यातून) डोमेन काढायचं. हे काम तुमच्या सर्व्हरवरून होणार नाही, जुन्या खात्याचा पासवर्ड शोधावाच लागतो.

दुरुस्तीनंतर पाठवणाऱ्यांच्या क्यूमध्ये (रांगेत) असलेले मेल आपोआप येतील. मानकानुसार प्रयत्न किमान चार-पाच दिवस चालू ठेवायचे असतात, पण सगळे तेवढं थांबत नाहीत. बाउन्स झालेले आणि जुन्या पेटीत गेलेले मेल मात्र येणार नाहीत. बिघाडाच्या काळात ज्या ग्राहकांचे मेल अपेक्षित होते त्यांना त्याच दिवशी कळवा आणि ते पुन्हा पाठवायला सांगा.