पावती कोणी फाडायची?

नमस्कार श्रोतेहो.

अमेरिकेच्या टेनेसी राज्यात चॅटनूगा नावाचं शहर आहे. तिथल्या फोक्सवॅगन मोटारींच्या कारखान्यात एप्रिल २०२४ मध्ये गुप्त मतदान झालं. युनियन हवी म्हणणारे निघाले २,६२८ आणि नको म्हणणारे ९८५. ‘युनायटेड ऑटो वर्कर्स’ ही मोटार कामगारांची जुनी, बलाढ्य संघटना; पण याच गेटवर ती २०१४ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये हरली होती. या खेपेला जिंकली. आता गंमत अशी, की निकालानंतर ही युनियन त्या ९८५ जणांचीही झाली. पगाराचा जो करार होईल तो त्यांनाही लागू. त्यांच्यातल्या एखाद्यावर करार मोडून कारवाई झाली, तर त्याची बाजू युनियननेच मांडायची. आणि वर्गणी? टेनेसीत ती कुणावरच सक्तीची नाही. विरोधात मत देणाऱ्यावर नाही, बाजूने देणाऱ्यावरही नाही.

अशा कायद्यांना तिकडे ‘राइट टु वर्क’ म्हणतात आणि आज ते २६ राज्यांत आहेत. आपल्या रोजगार हमीशी त्यांचं काही नातं नाही. युनियनला पैसे न देता नोकरी टिकवण्याची मुभा, एवढाच त्यांचा मामला. उरलेल्या राज्यांतही खासगी कारखान्यात कुणाला जबरदस्तीने पूर्ण मेंबर करता येत नाही. करारात कलम असेल तर बिगर-मेंबरकडून वाटाघाटींचा आणि तक्रारी चालवण्याचा खर्च तेवढा घेता येतो. युनियनच्या राजकारणाचा खर्च त्याच्याकडून मागू नका, ही रेघ तिथल्या सुप्रीम कोर्टाने १९८८ मध्ये आखून दिली.

मग कुणी विचारेल, युनियनने फुकट्यांचं ओझं वाहायचंच कशाला? जो पावती फाडेल त्याच्यापुरतं बोलावं. इथे १९३५ चा वॅग्नर कायदा आडवा येतो. बहुमताने आलेली युनियन हीच तिथल्या कामगारांची एकमेव प्रतिनिधी. मालकाला दुसऱ्या कुणाशी करार करता येत नाही. हा अधिकार युनियनना हवाच असतो. त्याची किंमत १९४४ च्या एका रेल्वेच्या खटल्यात ठरली. दक्षिणेतल्या रेल्वेत इंजिनावर फायरमन, म्हणजे भट्टीत कोळसा टाकणारे, म्हणून राबणारे बरेच कामगार कृष्णवर्णीय होते. गोऱ्यांची युनियन त्यांना मेंबर करून घेत नव्हती, आणि तीच युनियन त्यांच्या नावाने कंपन्यांशी करार करून त्यांना हळूहळू कामावरून हटवत होती. बेस्टर स्टील या फायरमनने दाद मागितली. कोर्टाने बजावलं: सर्वांच्या वतीने बोलायचा हक्क घेतलात, तर सर्वांशी न्यायाने वागा, मेंबर असो वा नसो. रेल्वेचा कायदा वेगळा होता, पण हे तत्त्व पुढे इतर उद्योगांनाही लागू झालं. फुकट्यांबद्दल कुरकुरणाऱ्या युनियन पुढाऱ्यांनी हा इतिहास विसरू नये. बिगर-मेंबरला सांभाळायची जबाबदारी त्यांच्यावर आली, ती एका युनियनने केलेल्या अन्यायातून.

त्याच १९४४ साली फ्लोरिडा आणि आर्कान्सा या राज्यांनी वर्गणीची सक्ती बंद केली. १९४७ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांचा नकाराधिकार ओलांडून काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, टाफ्ट-हार्टली कायदा केला आणि प्रत्येक राज्याला हा निर्णय घ्यायची मोकळीक मिळाली. दक्षिणेने ती झटकन उचलली. उत्तरेकडची मोटारींची राज्यं बराच काळ अडून राहिली.

म्हणूनच २०१२ मध्ये मिशिगननेही वर्गणीची सक्ती बंद केली तेव्हा सगळ्यांना धक्का बसला. याच राज्यात, फ्लिंट गावी, १९३६-३७ च्या कडाक्याच्या थंडीत कामगारांनी जनरल मोटर्सच्या कारखान्यात ४४ दिवस ठाण मांडून युनियनला मान्यता मिळवली होती. डिसेंबर २०१२ मध्ये लान्सिंगच्या विधानभवनाबाहेर हजारो कामगार घोषणा देत असताना गव्हर्नर रिक स्नायडर यांनी कायद्यावर सही केली. पोलीस आणि अग्निशमन दल मात्र या कायद्यातून वगळलेले! हे स्वातंत्र्य एवढं मोलाचं, तर त्यांना का नाही? पुढे सत्ता पालटली, २०२३ मध्ये नंतरच्या गव्हर्नर ग्रेचेन व्हिटमर यांनी कायदा रद्द करण्यावर सही केली, आणि फेब्रुवारी २०२४ पासून मिशिगन पुन्हा पूर्वपदावर आलं. निदान खासगी कारखान्यांपुरतं. सरकारी नोकरांकडून असे पैसे घेणं सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्येच, पाच विरुद्ध चार अशा निकालाने, देशभर बंद केलं होतं.

सक्ती नको म्हणणाऱ्यांचं म्हणणं हसण्यावारी नेऊ नये. याच युनायटेड ऑटो वर्कर्सचे दोन माजी अध्यक्ष २०२१ मध्ये तुरुंगाची शिक्षा घेऊन बसले. मेंबरांच्या पैशांतून सिगार, गोल्फ आणि पाम स्प्रिंग्जमधले आलिशान बंगले. तिथली वर्गणी महिन्याला साधारण अडीच तासांच्या पगाराएवढी असते. ती कापली जाणाऱ्या माणसाने ‘माझे पैसे परत द्या’ म्हटलं, तर त्याला मालकाचा चमचा म्हणून गप्प करता येणार नाही.

तरीही माझा कौल मर्यादित वर्गणीच्या बाजूने आहे. सोसायटीत ज्या कमिटीला आपण मत दिलं नाही, तिच्या काळातही लिफ्ट आणि पाण्याच्या पंपाचा खर्च आपण भरतोच. सत्यनारायणाची वर्गणी तेवढी ऐच्छिक. अट एकच: कमिटी बदलता आली पाहिजे.

आणि इथे मला मुंबई आठवते. आपल्याकडे बिगर-मेंबरकडून सक्तीने वर्गणी कापण्याची रीत नाही, पण एकमेव प्रतिनिधीचा अधिकार होता. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याखाली गिरण्यांमध्ये राष्ट्रीय मिल मजदूर संघ हीच प्रातिनिधिक युनियन. तिची ताकद मोजायची ती सभासदांच्या नोंदीवरून, गुप्त मतदानाने नव्हे. १८ जानेवारी १९८२ ला अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार डॉ. दत्ता सामंतांच्या मागे संपावर गेले, तरी कायद्याच्या नजरेत त्यांच्या वतीने बोलणारा संघच. संघाची मान्यता काढा, ही त्या संपातली एक मोठी मागणी होती. ती मान्य झाली नाही. संप चिघळायला आणखीही कारणं होती, पण कामगारांनी निवडलेल्या माणसाशी बोलायची वाटच कायद्याने बंद होती, हे त्यातलं मोठं.

नोव्हेंबर २०२५ पासून देशात नवी औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आहे. हजेरीपटावरच्या ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा असलेली युनियन एकटी वाटाघाटी करील. तेवढा पाठिंबा कुणालाच नसेल तर किमान २० टक्केवाल्यांची मिळून परिषद. हा पाठिंबा कसा पडताळायचा, ते मात्र संहितेने नियमांवर सोपवलं आहे. ज्यांच्या कारखान्यात दोन-तीन झेंडे आहेत, त्यांनी नियमांतलं तेवढं कलम आधी काढून वाचावं.

नमस्कार.