एक रेघ तुमची पण

दृश्य: पियानोचं पुढचं पॅनल निघतंय

आता नीट बघा. वरचं झाकण उचललं, आत हात घालून दोन्ही बाजूच्या खिट्ट्या फिरवल्या की हे पुढचं अख्खं पॅनल असं हातात येतं. आणि आत हे सगळं. ओळीनं उभ्या असलेल्या हातोड्या, प्रत्येकीच्या डोक्यावर लोकर दाबून केलेलं जाड फेल्ट, त्यांच्या मागं तारा आणि तारांच्या मागं बिडाची फ्रेम. पट्ट्या 88, त्यातल्या 52 पांढऱ्या आणि 36 काळ्या, पण तारा मात्र सव्वादोनशेच्या आसपास, कारण वरच्या सुरांना प्रत्येकी तीन तीन तारा असतात, खाली येत गेलं की दोन, आणि अगदी खर्जात एकच, तांबं गुंडाळलेली जाडजूड. या सगळ्या तारांचा ताण एकत्र मोजला तर 15 ते 20 टन भरतो. नुसतं लाकूड एवढं सहन करू शकत नाही. 1825 मध्ये बॉस्टनच्या अल्फियस बॅबकॉक यांनी एकसंध ओतीव लोखंडी फ्रेमचं पेटंट घेतलं आणि तिथून पियानो मजबूत होत गेला, जडही होत गेला. हा साधा उभा पियानो आहे, तरी दोनशे किलोच्या पुढं जातो.

रंगाच्या व्हिडिओत हे सगळं आधी का दाखवतोय, तर आमच्या चित्रकार ताईंनी पण सुरुवात इथूनच केली. ब्रश नंतर. पहिले कितीतरी तास त्या फक्त आत बघत होत्या, पियानोचे सूर लावणाऱ्या ट्यूनर काकांना विचारत होत्या की हे काय, हे हललं तर काय होतं, इथं रंग सांडला तर काय होतं. पियानो कुणाच्या तरी घरात वर्षानुवर्षं बंद पडून होता, वाजवणारं कुणी राहिलं नव्हतं, त्यांनी तो चौकात ठेवायला दिला, येईल त्यानं वाजवावा म्हणून. आता चौकात ठेवायचा म्हटल्यावर तो दिसायला हवा, लोकांनी जवळ यायला हवं, म्हणून रंग. पण ताईंचं पहिल्या दिवसापासून एकच म्हणणं, की माझ्या रंगामुळं एकही सूर दबता कामा नये.

दृश्य: पियानोची मागची बाजू

आता हा मागचा भाग. भिंतीला लावून ठेवतात म्हणून आपल्याला कधी दिसतच नाही. उभे जाड खांब आणि त्यांच्यामधून दिसतोय तो साउंडबोर्ड, पातळ लाकडाचा मोठा पडदा, बहुतेक वेळा स्प्रूस झाडाचा. तारेचा आवाज स्वतःचा असा फार लहान असतो, हा पडदा तिच्याबरोबर थरथरतो तेव्हा कुठं तो खोलीभर पोचतो. एवढी मोठी मोकळी जागा बघून कुठल्याही चित्रकाराचा हात शिवशिवणारच ना, पण साउंडबोर्डवर रंगाचे थर चढले की त्याचं वजन वाढतं, थरथर कमी होते, आवाज मंदावतो. ताईंनी तिथं रंगाचा एक ठिपकाही लावला नाही. खांब रंगवले आणि मधे सुती कापड ताणून बसवलं, आवाज आरपार जाईल असं.

आणि डिझाइन सुचलं ते पण इथंच. या बारीक रेषा बघा लाकडातल्या, एकमेकींना चिकटून सरळ खाली गेलेल्या. झाडाची वर्षं आहेत ती. साउंडबोर्डसाठी मुद्दाम अशी हळू वाढलेली झाडं निवडतात, जिथं या रेषा दाट आणि सारख्या असतात. ताईंनी ठरवलं की याच रेषा बाहेर आणायच्या, पियानोच्या अंगभर. आणि त्या आपण एकटीनं काढायच्या नाहीत. जो येईल त्याची एक रेघ.

थोडं मागं जाऊन सांगतो, कारण रस्त्यावर पियानो ही कल्पना आली कुठून हे माहीत असलेलं बरं. ब्रिटिश कलाकार ल्यूक जेरम यांच्या लक्षात आलं की कपडे धुवायच्या लाँड्रीत दर आठवड्याला तेच तेच चेहरे दिसतात आणि कुणी कुणाशी बोलत नाही. तिथं मधे एक पियानो ठेवला तर? असा तो विचार. 2008 मध्ये बर्मिंगहॅम शहरात त्यांनी 15 पियानो उघड्यावर ठेवले, 2010 मध्ये न्यूयॉर्कमध्ये 60, आणि मग जगभरात ही गोष्ट पसरत गेली. लंडनच्या सेंट पँक्रस स्टेशनवर 2016 मध्ये एल्टन जॉन यांनी स्वतः वाजवलं आणि पियानो तिथंच भेट म्हणून ठेवून दिला. पुष्कळ ठिकाणी हे पियानो रंगवायचं काम त्या त्या भागातल्या कलाकारांकडंच असतं, आणि ते तसंच असायला पाहिजे असं आम्हाला मनापासून वाटतं, बाहेरून छापील स्टिकर आणून चिकटवले तर तो पियानो कुणाचाच होत नाही.

दृश्य: घासकाम, टेप, प्रायमर

हा भाग कुणी दाखवत नाही म्हणून आम्ही जरा लांब ठेवलाय. जुन्या पियानोवर वर्षानुवर्षांचं पॉलिश आणि मेण असतं, त्यावर डायरेक्ट रंग मारला तर महिन्याभरात पापुद्रे सुटतात. आधी पुसून मेण काढायचं, मग सँडपेपर, आधी जाड आणि नंतर बारीक, सगळी चकाकी जाईपर्यंत. पॅनल सुटी करून लांब नेऊन घासायची, कारण ही धूळ हातोड्यांमध्ये गेली की संपलंच, पट्ट्या अडकायला लागतात. जे भाग सुटे होत नाहीत तिथं आतल्या बाजूनं प्लास्टिक, कडेनं मास्किंग टेप. पट्ट्या झाकल्या, खालचे पेडल झाकले, चाकं झाकली.

इथं जरा थांबा. ताई झाकणाच्या कडेवरून बोट फिरवतायत, दिसतंय का? कडेला प्रायमरचा, म्हणजे रंगाच्या आधी मारायच्या अस्तराचा, थर जाड झालाय का ते बघतायत. पट्ट्यांवरचं झाकण आणि बाजूचं लाकूड यांच्यात फट अगदी थोडी असते, तिथं प्रायमर, रंग, वरचा क्लिअर कोट असं सगळं साचलं की झाकण घासतं, मग कुणीतरी जोर लावून ओढतं आणि बिजागरी उखडते. म्हणून कडांना त्या हात राखून रंग लावतात, परत घासतात, झाकण लावून बघतात, परत घासतात. कॅमेऱ्यात हे कंटाळवाणं दिसेल कदाचित, पण सगळा पियानो या कडांवर टिकतो.

दृश्य: लोक रेघा काढतायत

आता ही गर्दी. पद्धत एकदम सोपी होती, पहिली रेघ ताईंनी काढली, सरळ, वरपासून खालपर्यंत, आणि पुढच्यानं तिच्या शेजारून, अगदी जवळून, तिला न शिवता आपली रेघ न्यायची. रंग आपल्या आवडीचा. बस एवढंच. या आजींना बघा, ब्रश हातात घेताना म्हणाल्या की अगं माझा हात कापतो, मी बिघडवीन. आणि बरोबर मध्यावर हात थरथरला, रेघेला छोटासा उंचवटा आला. ताईंनी पुसला नाही. पुढच्या मुलाला सांगितलं की तू आजींच्या रेघेच्या बाजूनं जा, जशी आहे तशी. त्यानं तो उंचवटा वळसा घालून काढला, त्याच्या पुढच्या मुलीनं त्याच्या बाजूनं, आणि असं करत करत तो उंचवटा पसरत गेला. आता उजव्या बाजूला उभं राहून बघितलं तर लाकडात गाठ असते ना, तिच्याभोवती सगळ्या रेषा वळतात, हुबेहूब तसं दिसतं. सुतारकाम करणारे एक काका बराच वेळ तिथं बोट फिरवत उभे होते.

खालचं पॅनल, गुडघ्यांसमोरचं, ते पूर्ण लहान मुलांना दिलं. वाजवायला बसलेल्याला ते दिसत पण नाही, पण चार वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांसमोर नेमकं तेच येतं. इथल्या रेघा कुठून कुठं गेल्यात त्याला हिशोब नाही आणि आम्हाला सगळ्यात जास्त आवडलेला भाग हाच आहे. उलट पट्ट्यांच्या वर, जिथं वाजवणाऱ्याची नजर असते, तिथं ताईंनी मुद्दाम एकच शांत निळा रंग ठेवला आणि त्यावर चकाकणारा कोट न मारता मॅट मारला, म्हणजे ऊन डोळ्यांवर परतत नाही. बाजू जिथं लोक टेकून उभे राहणार तिथं रेघा सगळ्यात दाट, कारण तिथं ओरखडे पडणार हे ठरलेलं आहे आणि दाट रेघांमध्ये एखादी नवी रेघ काढून ओरखडा सहज झाकता येतो. एवढा विचार. लोक म्हणतात छान रंगीबेरंगी झालाय, आम्हाला वाटतं की हा विचार पण दिसावा.

मग क्लिअर कोट, उन्हापाण्याला टिकणारा, पातळ पातळ थरांत, प्रत्येक थर वाळू देऊन.

दृश्य: ट्यूनर काका

रंग पूर्ण वाळल्यावर आणि पियानो जागेवर नेल्यावरच ट्यूनिंग, आधी करून उपयोग नाही, हलवाहलवीत आणि हवा बदलली की सूर सरकतो. दमट हवेत साउंडबोर्ड फुगतो, तारा ताणल्या जातात, सूर चढतो, कोरड्या हवेत उतरतो. काका तीन तारांपैकी दोन तारांमध्ये रबराची पाचर घालून त्यांना गप्प करतायत, एक तार लावतायत, मग दुसरी तिच्याशी मिळवतायत. ऐका हा आवाज, दोन तारा थोड्याशा वेगळ्या असल्या की मधे असा लाटेसारखा हेलकावा येतो, जवळ आलं की लाट हळू होते, आणि मिळालं की थांबते. आता परत ऐका. थांबली.

नेहमीचं माप म्हणजे मधल्या सप्तकातला ए हा सूर सेकंदाला 440 कंपनांवर लावायचा, पण जुन्या तारा एकदम तिथवर ताणल्या तर तुटू शकतात, म्हणून काकांनी पूर्ण पियानोच थोडा खाली लावला. एकट्यानं वाजवणाऱ्याला त्यानं काही फरक पडत नाही. एका खर्जाच्या हातोडीचं फेल्ट कसरीनं खाल्लं होतं, ते बदललं. सार्वजनिक पियानोसाठी लोक रंगाचे पैसे जमवतात आणि ट्यूनिंगचे विसरतात, असं व्हायला नको. सुंदर रंगवलेला आणि बेसूर पियानो बघून लोक फोटो काढतात आणि पुढं जातात, बसत नाहीत.

दृश्य: चौक, सकाळ ते रात्र

पियानो बाहेर आला, लोक आले, वाजवू लागले, काहीजण रोज येतात. बाकी तुम्ही बघताय.

एवढं मात्र सांगायचंय. वाजवून झालं की झाकण लावा. पाऊस दिसला की बाजूला अडकवलेलं ताडपत्रीचं कव्हर जो जवळ असेल त्यानं ओढायचं, त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही. वर ग्लास, बाटली ठेवू नका, पाणी थेट हातोड्यांवर जातं. ओरखडा दिसला तर ताईंना कळवा, रंगाचे उरलेले डबे त्यांनी सांभाळून ठेवलेत आणि डाव्या बाजूला खाली अजून थोडी जागा मोकळी सोडलीये, ज्यांची रेघ राहिली त्यांच्यासाठी.