काळ्या पट्ट्यांवरचे पाच राग

मंडळी, पेटी हे नवशिक्याचे फार लाड करणारं वाद्य आहे. बासरी तोंडाला लावली तर आधी नुसती फुंक ऐकू येते, सूर मागाहून कधीतरी. व्हायोलिनवर गज फिरू लागला की घरातली माणसं दार लोटून घेतात. पेटीचं तसं नाही. भाता हलवला, पट्टी दाबली की सूर हजर, आणि तोही कारागिराने आधीच लावून ठेवलेला. त्यामुळे थोड्याच दिवसांत एखादी आरती, एखादं भावगीत बोटांतून निघू लागतं आणि आपल्याला वाटतं, आलं की! मग कुणी गाणारा शेजारी येऊन बसतो, म्हणतो, 'मला काळी चार द्या' (म्हणजे दोन काळ्यांच्या जोडीपासून मोजलेली चौथी काळी पट्टी सा धरा), आणि तेच गाणं कुठून सुरू करायचं हे बोटांना सुचत नाही.

याचं कारण साधं आहे. आपण गाणं शिकलेलो नसतो, जागा पाठ केलेल्या असतात. सा म्हणजे पांढरी एक, रे म्हणजे पांढरी दोन, याप्रमाणे. खरं म्हणजे पेटीवरची कोणतीही पट्टी सा होऊ शकते. ज्या सुराला आधार मानाल तो षड्ज, आणि बाकीच्यांची नावं त्याच्याशी असलेल्या अंतरावरून पडतात. गाणाऱ्याला हे वेगळं सांगावं लागत नाही, त्याच्या गळ्यात काळं-पांढरं काही नसतं. आपल्याला मात्र दिसतं, आणि डोळ्यांना दिसलं की कान सुट्टीवर जातात.

म्हणून माझ्याकडे येणाऱ्यांना मी सुरुवातीलाच एक खेळ देतो. पेटीवरच्या फक्त काळ्या पट्ट्या वाजवायच्या, पांढऱ्यांना हातच लावायचा नाही. मोबाइलवर तानपुऱ्याचं ॲप असतं, ते काळी तीनला लावा. आता काळी तीनला सा धरून वर जा : काळी तीन, चार, पाच, मग पुढच्या सप्तकातली एक आणि दोन. सा रे ग प ध. हा भूप झाला. आता बोटं त्याच पाच पट्ट्यांवर राहू द्या, तानपुरा तेवढा काळी चारला न्या आणि तिथून सुरुवात करा. सा रे म प आणि कोमल (म्हणजे एक पट्टी खाली उतरलेला) नी, म्हणजे मधमाद सारंग. तानपुरा काळी पाचला नेला की सा, कोमल ग, म, कोमल ध, कोमल नी : मालकंस. (मालकंसात पंचम, म्हणजे प, नाही, तेव्हा तानपुऱ्याची पहिली तार मध्यमाला, म्हणजे म ला, लावायला विसरू नका, नाहीतर सगळा रंग जाईल.) काळी एकला षड्ज धरलात तर दुर्गा, काळी दोनला धरलात तर धानी.

पट्ट्या त्याच पाच आणि राग पाच. याला मूर्च्छना म्हणतात, आणि संगीतशास्त्रात ही कल्पना फार जुनी आहे. जाणकार लगेच विचारतील, पाच स्वर ओळीने वाजवले की राग झाला का? नाही झाला. रागाला चलन, म्हणजे चालण्याची खास रीत असते, न्यासाच्या, म्हणजे थांबण्याच्या जागा असतात, ते सगळं पुढे आहेच. पण मघाशी भूपात जी पट्टी गांधार, म्हणजे ग होती तीच आता मालकंसाचा षड्ज झाली आणि वेगळीच ऐकू येऊ लागली, हे ज्याच्या कानाने एकदा टिपलं, त्याला पट्टी बदलायची भीती उरत नाही.

बहुतेक ठिकाणी सुरुवात पांढरी एकपासून करतात, कारण तिथे सगळे शुद्ध स्वर पांढऱ्यांवर येतात. समजायला सोपं, हे कबूल. मी काळी एक पसंत करतो. तिथे सा, रे, म, प, ध काळ्यांवर येतात, फक्त ग आणि नी पांढऱ्यांवर. पुष्कळ पुरुष गायकांची पट्टीही काळी एकच्या आसपास असते, म्हणजे पुढे साथीला बसताना हात तयार असतो.

आता कानाचं थोडं अवघड काम. तानपुऱ्याच्या खर्जाच्या, म्हणजे खालच्या सा च्या तारेतून, जवारी (तारेचा झंकार) चांगली असेल तर, आपोआप गांधार ऐकू येतो. त्यालाच स्वयंभू गांधार म्हणतात. तो शांतपणे ऐका आणि मग पेटीचा गांधार हळूच दाबा. दोघे थोडे घासतात. पेटीवर सप्तकाचे बारा सारखे भाग केलेले असतात. प्रत्येक भाग १०० सेंट धरला तर पेटीचा गांधार षड्जापासून ४०० सेंटवर येतो आणि तारेतला सुमारे ३८६ वर. म्हणजे पेटीचा १४ सेंटने चढा. आकाशवाणीवर १९४० ते १९७१ पेटीला बंदी होती, त्यात एक आक्षेप या ठरीव सुरांवर होता आणि दुसरा मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं, निघत नाही यावर. दोन्ही आक्षेप खरे आहेत. तरीही गोविंदराव टेंबे, पी. मधुकर, आप्पा जळगावकर या पेटीवादकांनी याच पेटीला गायला लावलं. तुम्ही पेटी टाकू नका, फक्त हा फरक ऐकायला शिका.

रियाज किती वेळ करायचा, हे सगळेच विचारतात. टेक्सास विद्यापीठात २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १७ पियानोवादकांना एकच छोटा तुकडा बसवायला दिला होता. दुसऱ्या दिवशी कोण चांगलं वाजवेल, हे आदल्या दिवशी किती वेळ किंवा किती वेळा वाजवलं यावरून ठरलं नाही. चांगले ठरले ते चूक नेमकी कुठे आहे हे पकडून, तिथेच लय उतरवून ती सुधारणारे. आपण काय करतो? चुकलं की पुन्हा पहिल्यापासून सुरू. त्यामुळे मुखडा शंभरदा होतो आणि अंतऱ्यातली अडखळ तशीच राहते.

डाव्या हाताबद्दल थोडक्यात. प्रत्येक सुराबरोबर भाता मारू नका. आतल्या भात्यात हवा साठलेली असते, ती सूर धरून ठेवते. डावा हात संथ चालला की सूर हेलकावत नाही.

शेवटी पेटी घेण्याविषयी. खर्ज (खालचे) आणि नर (मधले) अशा आतल्या सुरांच्या दोन ओळींची साधी पेटी नवशिक्याला पुरे. भाता भरून, एकही पट्टी न दाबता सोडून बघा. लगेच बसला तर हवा गळते आहे. दुकानदार स्केल चेंजर दाखवेल. त्यात पट्ट्यांची अख्खी ओळ सरकवता येते, म्हणजे गाणाऱ्याने काळी चार मागितली तरी तुमची बोटं पांढरी एकलाच राहतात. मैफलीत त्याचा उपयोग आहे, पण पहिली पेटी तशी घेऊ नका. ती वजनाला जड, किमतीला जास्त, आणि आपण इतका वेळ जे शिकायचं म्हणत होतो ते काम ती तुमच्याऐवजी स्वतःच करते.