औषधांच्या पोथीतली प्रार्थना

नमस्कार, श्रोतेहो.

गुरुवारी सूर्य मावळताना एलेकॅम्पेन या पिवळ्या फुलांच्या झाडापाशी जायचं. स्तोत्रं गायची, प्रभूची प्रार्थना म्हणायची, झाडात सुरी रोवायची आणि परत फिरायचं. पहाट फुटताच आधी चर्चमध्ये जायचं, क्रूसाची खूण करायची, मग मुकाट्यानं झाडाकडे. वाटेत भयंकर काही दिसो, कोणी माणूस भेटो, तोंडातून शब्द काढायचा नाही. मूळ खणून आणायचं आणि ऊन वर येईपर्यंत वेदीखाली ठेवायचं. मग धुऊन, इतर औषधांबरोबर दुधात तीनदा उकळून, वर तीर्थजल घालून रोग्याला पाजायचं.

हा उपाय दहाव्या शतकातल्या इंग्लंडचा. एल्फ नावाच्या अदृश्य जिवांनी लावलेल्या दुखण्यावरचा. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत 'बाल्डचं लीचबुक', म्हणजे वैद्यकाची पोथी, म्हणून ओळखलं जाणारं जुन्या इंग्रजीतलं हस्तलिखित आहे. त्याच्या शेवटच्या भागात तो सापडतो.

याच हस्तलिखितातलं डोळ्यांचं एक औषध 2015 मध्ये गाजलं. लसूण, वाइन, बैलाचं पित्त वगैरे घालून नऊ रात्री ठेवलेल्या त्या मिश्रणानं नॉटिंगहॅम विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत एमआरएसए हे चिवट जंतू मारले. फार मोलाचं काम! पण तेव्हापासून या पोथ्यांमधली लसूण तेवढी उचलायची आणि प्रार्थना अंधश्रद्धा म्हणून गाळायची, असं होऊ लागलं, आणि ते मला मनापासून खटकतं. लिहिणाऱ्याच्या लेखी दोन्ही एकाच उपचारात होतं.

याचा पुरावा म्हणजे एक लॅटिन कवच. ते लाडकेन या सातव्या शतकातल्या आयरिश भिक्षूच्या नावावर आहे. साथीच्या भयात देवाला विनवणी आहे: कवटी राख, डोळे राख, हिरड्या, दात, जीभ, यकृत, मूत्राशय, मज्जा... एकेक अवयव नावानिशी. दुखणाईत माणूस स्वतःच्या देहावरून असा हळूहळू हात फिरवतो, तो भाव मला त्यात ऐकू येतो. हे कवच एकट्यानं म्हणायच्या प्रार्थनांच्या पुस्तकांत आहे. त्यांतलं एक, 'नन्नामिन्स्टरचं पुस्तक', पुढे नवव्या शतकातल्या इंग्लंडमधल्या आल्फ्रेड राजाची पत्नी एअल्हस्विथ हिच्याकडे असावं. तिच्या विंचेस्टरमधल्या जागेच्या चतुःसीमा त्यात नंतर लिहिलेल्या आहेत. आणि तेच कवच 'लाकनुंगा' या औषधांच्या संग्रहातही आहे, काढे आणि मलमांच्या सोबतीला, ओळींमध्ये जुन्या इंग्रजीत अर्थ लिहून.

उलटंही घडलं. 'रॉयल प्रेयरबुक' हे सुमारे बाराशे वर्षांपूर्वीचं प्रार्थनापुस्तक. पण त्यात रक्तस्राव थांबवण्याचे मंत्र आहेत. बारा वर्षं रक्तस्रावानं पिडलेली बाई येशूच्या वस्त्राला शिवते आणि बरी होते, ही शुभवर्तमानातली कथा त्यांच्या मुळाशी आहे. पुस्तक एखाद्या वैद्यकी जाणणाऱ्या स्त्रीचं असावं, असं काही अभ्यासक म्हणतात, आणि मला ते पटतं.