मालक मुंबईत, चार्जर जिन्यात

(रत्नागिरीतील एका वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, मे महिन्यात आमच्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावरून एक पिवळी वायर खाली आली. स्वयंपाकघराच्या खिडकीतून निघाली, पहिल्या मजल्यावरच्या काकूंच्या कपडे वाळत घालायच्या दोरीला टेकली आणि पार्किंगमधल्या इलेक्ट्रिक स्कूटरला जाऊन मिळाली. स्कूटर एका बँकेत काम करणाऱ्या भाडेकरू मुलाची. तीस वर्षं मी आयटीआयत वायरमनच्या पोरांना शिकवलंय. सवयीने वायर चाचपून पाहिली, तर मध्ये जोड, जोडावर चिकटपट्टी, आणि तो जोड कोमट!

सोसायटीने काय केलं? फळ्यावर नोटीस लावली : 'पार्किंगमध्ये चार्जिंग करण्यास सक्त मनाई आहे.' मुलगा सज्जन. त्याने नोटीस पाळली. संध्याकाळी सीटखालची बॅटरी काढून वर नेऊ लागला आणि दाराच्या आत, चपलांच्या मांडणीशेजारी चार्जिंगला लावू लागला. सगळ्यांचं समाधान झालं. माझं सोडून.

माझं का नाही, ते सांगतो. लिथियमच्या बॅटरीत बोटाएवढे सेल असतात, गाडीच्या एका पॅकमध्ये शंभरावरही निघतात. प्रत्येक सेलमध्ये दोन बाजू वेगळ्या ठेवणारा प्लास्टिकचा पातळ पडदा असतो, केसाहून बारीक. आपटल्याने, पाणी शिरल्याने, भलत्याच चार्जरमुळे किंवा कारखान्यातल्या चुकीमुळे तो पडदा फाटला, की आतल्या आत शॉर्ट होतो. सेल तापतो, त्या तापाने रसायनं फुटतात, त्यातून आणखी ताप. मग शेजारचा सेल, मग त्याच्या शेजारचा. होळीत एका गोवरीने दुसरी धरावी तसं. यात प्राणवायूही सेलच्या आतल्या पदार्थातूनच सुटतो, म्हणून गोणपाट टाकून ही आग गुदमरत नाही. ज्वाळेच्या आधी येतो तो धूर. त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो, हायड्रोजन फ्लोराइडसारखा घसा जाळणारा वायू असतो.

आता तो धूर कुठे जाणार? आपल्याकडच्या चार मजली इमारतींना जिना एकच. तोच चिमणी आणि तोच पळायचा रस्ता. सिकंदराबादला सप्टेंबर २०२२ मध्ये खाली इलेक्ट्रिक स्कूटरचं शोरूम आणि वर हॉटेल अशा इमारतीत आग लागली. आठ माणसं गेली, त्यातली बरीचशी धुराने. आणि फार लांब कशाला, आपल्या उत्तर कोकणात, वसईत, त्याच महिन्यात घरात चार्जिंगला लावलेल्या बॅटरीचा पहाटे स्फोट झाला. सात वर्षांचा मुलगा भाजला आणि काही दिवसांनी गेला. न्यूयॉर्क शहरात २०२३ या एका वर्षात अशा आगींत अठरा जण दगावले.

इथे मला गाडीची बदनामी करायची नाही. माझ्या सुनेकडे आहे, मी स्वतः मासळी आणायला नेतो. त्या २०२२ सालानंतर सरकारने बॅटरीच्या चाचण्या कडक केल्या. एआयएस १५६ नावाच्या मानकात दुरुस्त्या झाल्या आणि त्या डिसेंबर २०२२ आणि मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाल्या. त्यामुळे पासिंगची नवी गाडी बरीच भरवशाची. मला धास्ती आहे ती दुसऱ्या जातीची. अडीचशे वॅटच्या आतली, ताशी पंचवीसच्या वर न पळणारी, म्हणून नंबरप्लेट नाही, लायसन्स नाही. त्यातही जिची बॅटरी गल्लीतल्या दुकानात 'सेल बदलून' आणलीय ती. आणि मूळ चार्जर बिघडला म्हणून 'पिन बसते ना, मग चालतो' या न्यायाने घेतलेला स्वस्तातला चार्जर. पिन बसणं आणि व्होल्टेज जुळणं यांचा काही संबंध नसतो हो.

त्यात आपली हवा. खाऱ्या वाऱ्याने खिडकीचे गज टिकत नाहीत, तिथे सॉकेटच्या पितळी पट्ट्या काय टिकणार! चार्जर ओढतो तीन-चार अँपियर. इस्त्रीही साधारण तेवढंच ओढते. पण इस्त्री दहा मिनिटं चालते, चार्जर पाच तास. हिरवट पडलेल्या सैल सॉकेटला तो पाच तासांचा ताप सोसत नाही. आणि पुराचं तर वेगळंच. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात वाशिष्ठी नदी शिरली तेव्हा बाजारपेठेतल्या गाड्या बुडाल्या. पेट्रोलची गाडी धुऊन, तेल बदलून पुन्हा रस्त्यावर येते. बुडालेली लिथियम बॅटरी उन्हात वाळवून चार्जिंगला लावणं म्हणजे आगीला आमंत्रण. फ्लोरिडात २०२२ च्या इयान वादळात खाऱ्या पाण्यात बुडालेल्या गाड्या नंतर पेटल्या होत्या. आपल्या खाडीकाठच्या लोकांनी हे जरूर लक्षात ठेवावं.

आता मालकांकडे येतो. आमच्या बँकवाल्या मुलाचा घरमालक डोंबिवलीला. फोन केला तर म्हणाला, "काका, भाडेकरूचं तुम्हीच बघा हो. मी गणपतीला आलो की बोलू." कोकणातल्या निम्म्या फ्लॅटांची ही कथा. चाकरमान्याने निवृत्तीसाठी घेऊन ठेवलेला फ्लॅट, अकरा महिन्यांचा करार, भाडं परस्पर खात्यात.

पण महाराष्ट्राचा २००६ चा आग प्रतिबंधक कायदा जबाबदारी टाकतो ती मालकावर किंवा जागा वापरणाऱ्यावर. मालक डोंबिवलीला राहतो म्हणून तो सुटत नाही. हा कायदा ज्या इमारतींना लागतो, तिथली अग्निशमन यंत्रणा चालू असल्याचं परवानाधारक एजन्सीचं प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारीत आणि जुलैत द्यायचं असतं. तुमच्या सोसायटीने शेवटचं कधी दिलं? (हशा) हसू नका, सेक्रेटरी इथेच बसलेत.

भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी करून नोंदवणं हीसुद्धा मालकाचीच जबाबदारी. नोंदवताच आहात, तर दोन ओळी जास्त घाला : चार्जिंग कुठे करायचं आणि कोणत्या चार्जरने. मात्र जागा न देता नुसती बंदी घातलीत, तर तो कागद आमच्या फळ्यावरच्या नोटिशीचा भाऊ. खाली मनाई केली की बॅटरी वर जाते, जिन्याच्या तोंडाशी बसते. गाडी तर माणूस वापरणारच. आपल्या नेहमीच्या वीजजोडावर घरी गाडी चार्ज करायला केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनीही मुभा दिलेली आहे.

म्हणून मालकाने करायचं काम आहे ते खाली, पार्किंगमध्ये. आपल्या फ्लॅटच्या मीटरवरून पार्किंगपर्यंत पाइपातून तांब्याची स्वतंत्र वायर, शेवटी सोळा अँपियरचा झाकणवाला सॉकेट, त्याला स्वतःचा एमसीबी, म्हणजे भार वाढला की आपोआप पडणारा स्विच, आणि तीस मिलिअँपियरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागली की ती तोडणारा स्विच. जागा जिन्यापासून आणि मीटरच्या पेटीपासून लांब, पावसाची झड न येणारी. अर्थिंग मोजून घ्या, जांभ्याच्या जमिनीत ते उन्हाळ्यात कोरडं पडतं. यातल्या कशाने सेलच्या आतला दोष थांबत नाही, हेही स्पष्ट सांगतो. पण पेटलंच तर ते उघड्यावर पेटेल, आणि वरच्या माणसांना जिना मोकळा मिळेल.

(श्रोत्यांतून प्रश्न : अग्निशामक नळकांडं ठेवलं तर?) ठेवा. पावडरने ज्वाळा दबते, आजूबाजूचं लाकूडसामान वाचतं. पण सेल आतून तापलेलेच राहतात आणि पुन्हा पेट घेतात. त्यांना थंड करायला पाणीच लागतं, तेही भरपूर, आणि ते काम अग्निशमन दलाचं. जमलं तर मेन स्विच बंद करा, दार ओढून घ्या, माणसं खाली आणा आणि १०१ लावा. बॅटरी उचलून गॅलरीतून टाकायला जाऊ नका.

त्या पिवळ्या वायरीचं पुढे काय झालं, म्हणता? मालक गणपतीला आला. त्याला मीटरच्या पेटीपाशी नेलं. आत पालीची अंडी होती आणि त्याच्या मीटरची न्यूट्रल वायर तापून काळी पडलेली. बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "काका, साधारण किती मीटर वायर लागेल?" मी म्हटलं, बावीस. तेवढ्यात मुलाने वरून विचारलं, बॅटरी आज कुठे लावू? मी त्याला म्हटलं, काम होईपर्यंत मागच्या पडवीत, माझ्या सॉकेटवर, आणि मी जागा आहे तोवरच.